मदत हवी आहे: ट्रिप्सच्या (जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदा करार) कलम ३१ बिसमध्ये नेमका कोणता बदल सुचवावा?

सक्तीच्या परवान्याखाली (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय सरकारने दिलेला परवाना) बनलेलं औषध मुख्यतः देशी बाजारासाठीच हवं, ही ट्रिप्सच्या कलम ३१(फ)ची अट. औषध कारखाने नसलेल्या देशांना निर्यात करता यावी म्हणून या अटीतून २००३ मध्ये सवलत मिळाली, ती २३ जानेवारी २०१७ पासून कलम ३१ बिस म्हणून कायमची झाली. प्रत्यक्षात माल गेला तो रवांडाला: जुलै २००७ मध्ये गरज कळवली, कॅनडातून एचआयव्हीच्या गोळ्यांची पहिली खेप निघाली सप्टेंबर २००८ मध्ये. चौदा महिने! रुग्ण एवढे थांबू शकत नाहीत.

अडतं इथे: आयातदाराने आधीच प्रमाण कळवायचं, परवाना तेवढ्याच मालापुरता, त्यात लेबल-वेष्टनही वेगळं. लहान मागणीसाठी उत्पादकाला हे परवडत नाही.

प्रादेशिक व्यापार करारातल्या देशांच्या गटाला माल एकत्र पुरवण्याची वाट ३१ बिसच्या परिच्छेद ३ मध्ये आहे, पण गटातले किमान निम्मे देश अल्पविकसित हवेत. ही निम्म्याची अट काढणं पुरेसं ठरेल, की ३१(फ)लाच हात घालावा? आम्हाला दुसरं पटतं, पण त्यावर एकमत होणं कठीण.

शिवाय भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ९२अ खाली (औषध निर्यातीसाठी सक्तीचा परवाना) अर्ज कुणी तयार केला असेल, तर आयातदार देशाची कोणती कागदपत्रं जोडली, ते कृपया सांगा.