मदत हवी आहे: लघुग्रहावरची पैज कशी मिटवू?

फेब्रुवारी २०२५ मध्ये '२०२४ वायआर४' हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता नासाने ३.१ टक्के सांगितली, तेव्हा मेहुण्याशी पैज लागली. आदळला तर मी ३१ हजार द्यायचे (घ्यायला कोण उरणार, ते सोडा), नाही तर त्याने १ हजार. कॅलेंडरच्या मागे सह्यासुद्धा आहेत.

आठवड्याभरातच शक्यता जवळपास शून्यावर आली. पैसे मागितले तर म्हणतो, "२०३२ उजाडू दे, दाजी! आकडा आधी चढला, मग पडला, पुन्हा चढेल."

निरीक्षणं वाढली, कक्षा नेमकी कळली की आकडा असा आधी चढून मग कोसळतो का? २००४ मध्ये अपोफिस या दुसऱ्या लघुग्रहाचाही २.७ टक्क्यांपर्यंत गेला होता ना? त्याला पटेल असं कुणी समजावेल का? हजार रुपये आत्ता मागणं रास्त आहे का?