सिलिंडर लावताना भडका: चूक एजन्सीची की घरच्यांची?

चोपडेकर: शेजारी लग्नघर. खापराखाली (पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं पालथं भांडं) चूल पेटती, तिथून चार हातांवर नवा सिलिंडर लावला आणि भडका उडाला. वहिनींचे दोन्ही हात भाजले. एजन्सी म्हणते, चूल पेटती ठेवली, तुमचीच चूक. आते काय करानं?

गॅसमिस्त्री: चुलीनं पेट घेतला, पण गॅस बाहेर का आला? व्हॉल्व्हच्या तोंडात काळी रबरी रिंग असते. ती चिरलेली असली किंवा नसलीच, तर रेग्युलेटर नीट बसूनही नॉब फिरवताच कडेनं गॅस निघतो. हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत जातो. सील काढल्यावर रिंग डोळ्यांना दिसते, डिलिव्हरीवाल्यानं ती तपासूनच द्यायची असते. कड्याच्या पट्टीवरचं अक्षर आणि साल बघा: बी-२६ म्हणजे चाचणीची मुदत जून २०२६. नारंगी पाइपचं आयुष्य ५ वर्षं.

आणि तो सिलिंडर परत देऊ नका! एजन्सीनं बदलून देतो म्हटलं तरी नाही. टोपी लावून उघड्यावर ठेवा, रेग्युलेटर-पाइप वेगळे जपा, पंचनामा होऊ द्या. आगीत रिंग जळालेली असू शकते, पण खाचेतला अवशेषही बोलतो.

वकीलभाऊ: एजन्सीला आजच लेखी कळवा, पोच घ्या. तेल कंपन्यांचा अपघात विमा असतो, ग्राहकाला वेगळा हप्ता नाही; उपचारांचा खर्च माणशी २ लाखांपर्यंत. पाइप आयएसआय मार्कचा नसला तर तिथं अडवतात. शिवाय जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत एजन्सी आणि कंपनी दोघांवर तक्रार करता येते. चुलीचा मुद्दा ते काढणारच. त्यानं रक्कम कमी होऊ शकते, दावा उडत नाही.

चोपडेकर: केटररचा माणूस भाजला असता तर?

वकीलभाऊ: मग आधी केटरर. कामावर भाजलं की भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही.

सिस्टर_धुळे: पुढच्या वेळी हळद-टूथपेस्ट नको, २० मिनिटं नळाचं पाणी, बांगड्या लगेच काढा. पट्टी करण्याआधी फोटो घ्या. केसपेपरवर नुसतं "भाजले" लिहिलं असेल तर "सिलिंडर लावताना गॅस गळती" अशी नोंद करून मागा. नंतर सगळे तोच कागद मागतात.