भाचीसाठी लॅपटॉप पाहतो आहे: आय७ 'यू' घ्यावा की आय५ 'एच'?

खामल्याचा मामा
नमस्कार मंडळी. भाची यवतमाळहून माझ्याकडे नागपूरला शिकायला आली आहे, सिव्हिलला पहिल्या वर्षाला ॲडमिशन झाली, आणि लॅपटॉप पाहायचं काम भाऊजींनी माझ्यावर टाकलं. बजेट ६० हजार, त्याच्या वर खरंच जमत नाही, फी भरूनच ते थकले. काल सीताबर्डीत दोन तास फिरलो, तीन लॅपटॉप लक्षात राहिले, एकात प्रोसेसर रायझन ५-७५२०यू, दुसऱ्यात कोअर आय७-१२५५यू आणि तिसऱ्यात कोअर आय५-१२४५०एच. दुकानदार सांगून राहिला की आय७ म्हटल्यावर पाहायचंच काय, चार वर्षं डोळे झाकून चालते. कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, मोजले तर आय७ मध्ये १० आणि आय५ मध्ये ८, म्हणजे त्याचं बरोबरच वाटते. पण मग आय५ वाला जाडजूड आहे, चार्जर मोठा आहे, तो काहून? ड्रॉइंगसाठी ऑटोकॅड, पुढे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायला रेव्हिट लागेल असं तिच्या सीनियरने सांगितलं. एकदाच घ्यायचा आहे, चुकायला नको.

मानेवाडा रिपेअरिंग
मामा, माझं कामच लॅपटॉप रिपेअरचं आहे म्हणून सविस्तर लिहितो. आय५ की आय७ हे स्टिकर पाहू नका, पूर्ण नंबर आणि शेवटचं अक्षर पाहा. यू म्हणजे १५ वॅटचा प्रोसेसर, हा एच म्हणजे ४५ वॅटचा. जाड बॉडी, मोठा चार्जर त्यासाठीच. आणि ते जे १० कोअर मोजले ना, त्यातले दमाचे पी-कोअर २च आहेत, बाकी ८ छोटे ई-कोअर. १२४५०एच मध्ये ४ पी आणि ४ ई. थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारी कामं, दोघांचेही १२च. फाइल उघडणं, ब्राउझर, वर्ड यात आय७ कुठेच मागे पडत नाही, त्याचा टर्बो, म्हणजे जास्तीत जास्त स्पीड, ४.७ गिगाहर्ट्झ जातो आणि एचचा ४.४, पण तो स्पीड थोडाच वेळ टिकतो, रेंडर (मॉडेलवरून खरं वाटणारं चित्र बनवणं) लावून वीस मिनिटं बसलात की एच पुढे निघून जातो.

दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. मे महिन्यात बाहेर ४५, पंख्याखालच्या खोलीतही हवा गरमच, आणि इंटेलचे हे प्रोसेसर १०० डिग्रीला पोचले की स्वतःच स्पीड कमी करतात. मागच्या मे मध्ये एक पोरगा घेऊन आला, फॉरमॅट करून द्या म्हणे, फार स्लो झाला. तो लॅपटॉप गादीवर ठेवून वापरायचा. उघडला तर फॅनच्या तोंडाशी हीटसिंकच्या जाळीत धुळीची अशी जाड पट्टी बसलेली की चिमट्याने ओढली तर कापडासारखी अख्खी निघाली. साफ केला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, फॉरमॅट करायची गरजच पडली नाही. म्हणून कोणताही घ्या, उलटा करून खालची जाळी पाहा, हवा जायला जागा किती आहे, फॅन एक आहे की दोन.

फायनल इयर सिव्हिल
काका, ७५२०यू अजिबात नका घेऊ, मी तोच घेऊन बसलो आहे. ७००० सिरीज आहे, एकदम नवीन आहे असं सांगून मला दिला. नंतर कळलं की रायझनच्या या सिरीजमध्ये तिसरा आकडा पाहायचा असतो, त्यावरून आतलं डिझाइन किती जुनं ते कळतं, २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. म्हणजे ७५२० मधला २ हा २०१९ मध्ये आलेल्या झेन २ चा, कोअर ४च. ७५३०यू मध्ये ६ असतात आणि नाव पाहिलं तर दोन्ही सारखेच वाटतात!! वरून याची रॅम बोर्डलाच सोल्डर असते, माझी ८ जीबी आहे आणि त्यातलीच थोडी ग्राफिक्स खाते. रेव्हिटमध्ये तीन मजल्यांचं घर केलं होतं, थ्रीडी व्ह्यू फिरवला की आधी भिंती दिसायच्या, मग थांबायचं, मग खिडक्या यायच्या. शेवटचं सबमिशन मित्राच्या रूमवर जाऊन केलं. रेव्हिटला १६ जीबी पाहिजेच.

मिहानवाली
रॅमबद्दल १००% बरोबर. पण एच बद्दल माझं मत वेगळं आहे, मामा. पोरगी रोज बॅग घेऊन बसने जाणार, वर्गात प्रत्येक बाकाला प्लग नसतो, आणि एच वाला बॅटरीवर फार वेळ टिकत नाही, चार्जर रोज सोबत वागवावा लागतो. पहिल्या दोन वर्षांत ऑटोकॅडच जास्त, आणि टूडी ड्रॉइंगला १२५५यू भरपूर आहे. रेव्हिटमध्येही मॉडेल करताना बराचसा भार एकाच कोअरवर असतो, सगळे कोअर रेंडरलाच लागतात, आणि रेंडर काही रोज नसतं. फक्त रॅमच्या दोन कांड्या लावून घ्या, एकच असली तर १२५५यू मधलं आयरिस एक्सई ग्राफिक्स नुसतं यूएचडी म्हणून दिसतं आणि तसंच हळू चालतं. दुसरी लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावच बदलतं, मी स्वतः पाहिलं आहे.

मानेवाडा रिपेअरिंग
ताईंचा बॅटरीचा मुद्दा मान्य आहे. तरी चार वर्षं काढायची आहेत आणि तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट सुरू झाले की रेंडर येतेच, मी एचच म्हणेन. मामा, दुकानात डेमो पीसवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे रॅमच्या किती स्लॉटपैकी किती भरले ते लिहिलेलं असते. प्रोसेसरचं पूर्ण नावही तिथेच, सीपीयूवर क्लिक केलं की.

खामल्याचा मामा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज भाचीला घेऊनच गेलो. आय७ वाल्यात ८ जीबी सोल्डर निघाली, स्लॉट एकही नाही, म्हणजे ताई म्हणाल्या तशी दुसरी कांडी लावायला जागाच नाही. आय५ एच मध्ये दोन स्लॉट, एक भरलेला. भाचीने तो चार्जरसकट बॅगेत भरला, खांद्याला लावून दुकानात दोन चकरा मारल्या आणि म्हणाली चालते मामा, रोज नेईन. तोच घेतला. ८ जीबीची दुसरी कांडी आमच्यासमोर लावून दिली, मेमरीत १६ दिसले तेव्हाच पैसे दिले, सगळं मिळून ५८ हजारात झालं. गादीवर ठेवायचा नाही हे तिला घरी येतानाच सांगितलं, उद्या लाकडी पाट काढून देतो.