मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायची मुदत नक्की कधीपासून मोजायची? प्रसूती रजेमुळे पदोन्नती डावलली आहे

निलिमा२१

नमस्कार, मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. जून २०२४ मध्ये पदोन्नतीचा आदेश निघाला, त्यात ज्येष्ठता यादीत माझ्या खाली असलेल्या दोघांची नावं आहेत आणि माझं नाही. आस्थापनेत विचारलं तर तोंडी सांगितलं की तुमचा त्या वर्षाचा गोपनीय अहवाल अपुरा आहे, तुम्ही रजेवर होतात. ती रजा म्हणजे प्रसूती रजा, रीतसर मंजूर झालेली, १८० दिवसांची. शिवाय साहेब स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले होते की घरी लहान मूल आहे, वरच्या पदाला फिरती असते, हिला झेपणार नाही. मला झेपेल की नाही हे मला कोणी विचारलंच नाही.

३ जुलै २०२४ ला लेखी निवेदन दिलं, आवक शिक्क्याची पोच आहे माझ्याकडे. नंतर दोन स्मरणपत्रं दिली. आता नोव्हेंबर २०२५ उजाडला तरी काही हललेलं नाही. एक मैत्रीण म्हणते तक्रारीची मुदत ३ महिनेच असते त्यामुळे तुझी कधीच गेली, एक सहकारी म्हणतो १ वर्ष असते, आणि आस्थापनेवाले म्हणतात फाईल वर गेलीय थांबा जरा, कोर्टात गेलात तर उगाच कटुता येईल. मुदत नक्की किती आणि कुठून मोजायची? कोणाला स्वतःचा अनुभव असेल तर प्लीज सांगा, रात्री झोप लागत नाही.

रानवारा

ताई घाबरू नका, मुदत वगैरे होऊन जातं. अजून एक निवेदन थेट प्रधान सचिवांना टाका, त्याचं जे काही उत्तर येईल त्या तारखेपासून परत नवीन १ वर्ष मिळतं. आमच्याकडे बरेच जण असंच करतात.

जुना_अधीक्षक

रानवारा, हे कृपया कोणाला सांगू नका, याच समजुतीपायी चांगल्या चांगल्या केसेस बुडालेल्या मी आस्थापनेत बसून पाहिल्यात. सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी १९८९ मध्ये एस. एस. राठोड विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सांगितलंय की नियमात नसलेली निवेदनं पुन्हा पुन्हा देत राहिलं म्हणून मुदत वाढत नाही. पुढे २००८ मध्ये सी. जेकब यांच्या प्रकरणात तर अजून स्पष्ट केलं की जुनं शिळं झालेलं प्रकरण असेल आणि खात्याने कोणत्यातरी निवेदनाला उत्तर दिलं तरी त्या उत्तराने ते जिवंत होत नाही. त्यामुळे सचिवांना पत्र टाकून मोजणी नव्याने सुरू होत नाही, हातात असलेले दिवस मात्र जातात.

निलिमाताई, तुमच्यासाठी कायदा आहे प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा १९८५. कलम २० म्हणतं की आधी खात्यात दाद मागा, निवेदन किंवा अपील जे काही नियमात असेल ते करा. कलम २१ मुदतीचं आहे. निवेदनावर अंतिम आदेश आला असेल तर त्या आदेशापासून १ वर्ष. काहीच उत्तर आलं नाही तर निवेदनापासून ६ महिने वाट बघायची आणि ते ६ महिने संपले की तिथून १ वर्ष. तुमचं निवेदन ३ जुलै २०२४ चं, म्हणजे ६ महिने संपले ३ जानेवारी २०२५ ला आणि मॅटमध्ये अर्ज करायची शेवटची तारीख येते ३ जानेवारी २०२६ च्या आसपास. ती दोन स्मरणपत्रं या हिशेबात धरायचीच नाहीत.

पण आधी एक सांगा, मधल्या काळात खात्याकडून कसलंही पत्र आलं होतं का? दोन ओळींचं का असेना. सगळा हिशेब त्यावर फिरतो.

आणि "थांबा" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मुदत टळून गेली तर त्यांचं काही जात नाही. फाईल एका टेबलावर ७ कामकाजाच्या दिवसांच्या वर ठेवायची नाही असं आपल्याच बदली कायद्यात, २००५ च्या, लिहिलेलं आहे, तरी फाईल बसते. तुमची मुदत मात्र बसून राहत नाही.

सेवाविषयक_वकील

अधीक्षक साहेबांनी बरोबर सांगितलंय. ३ महिन्यांचा गोंधळ कुठून येतो ते सांगते, कारण हा प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. ३ महिने ही मुदत कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या कायद्यातली आहे, २०१३ चा कायदा, कलम ९. घटनेपासून ३ महिने, घटना एकामागून एक घडत असतील तर शेवटच्या घटनेपासून ३ महिने, आणि अंतर्गत समितीला कारण पटलं तर कारणं लेखी नोंदवून ती अजून जास्तीत जास्त ३ महिने वाढवू शकते. त्यापुढे समितीच्या हातात काही नाही. साहेबांचा मूल आणि फिरतीवरचा शेरा लैंगिक छळात बसतो का हा वेगळा वाद आहे, माझ्या मते ओढूनताणून बसवावा लागेल, आणि तो काळही तुमच्या बाबतीत उलटून गेलाय. पण म्हणून शेरा वाया गेला असं समजू नका. मॅटच्या अर्जात तो भेदभावाचा पुरावा म्हणून नक्की येऊ शकतो. मीटिंग कधी झाली, कोण कोण हजर होतं, शब्द काय होते हे आजच लिहून काढा, आणि हजर असलेल्यांपैकी कोणी प्रतिज्ञापत्र द्यायला तयार असेल तर फारच चांगलं.

तुमचा खरा मुद्दा राज्यघटनेच्या कलम १६ चा आहे, शासकीय नोकरीत लिंगावरून भेदभाव करता येत नाही. "आम्ही बाई म्हणून वगळलं नाही, अहवाल नव्हता म्हणून वगळलं" असं खातं म्हणणार हे धरूनच चाला. त्यासाठी २०२१ चा लेफ्टनंट कर्नल नितिशा यांचा निकाल वकिलांना दाखवा. सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांच्या कायम नियुक्तीचं प्रकरण होतं आणि तिथेही गोपनीय अहवालांचाच प्रश्न होता. नियम वरवर सगळ्यांना सारखा दिसतो पण त्याचा मार एकाच गटाला बसतो, तर तोही भेदभावच, अप्रत्यक्ष भेदभाव, हे सुप्रीम कोर्टाने त्यात मान्य केलंय. मंजूर प्रसूती रजेच्या काळातला अहवाल नाही म्हणून पदोन्नती नाही, हे त्यात अगदी चपखल बसतं.

दुसरं म्हणजे कोणी सांगेल की अन्याय रोज चालू आहे, कमी पगार दर महिन्याला मिळतोय, मग मुदतच लागत नाही. हे अर्धंच खरं आहे. २००८ च्या तरसेम सिंग निकालात कोर्टाने फरक केलाय. वेतन किंवा पेन्शन चुकीची बसवली असेल तर उशीर झाला तरी दाद मिळू शकते, थकबाकी मात्र साधारण मागच्या ३ वर्षांपुरतीच. पण ज्येष्ठता आणि पदोन्नती, जिथे दुसऱ्या कर्मचाऱ्याचा हक्क हलतो, तिथे उशीर अंगाशी येतो. तुमचं प्रकरण या दुसऱ्या प्रकारात आहे. त्यामुळेच त्या दोन कनिष्ठांना अर्जात प्रतिवादी करायला विसरू नका. त्यांच्याशी तुमचं वैर नाही हे मला समजतं, पण त्यांचं ऐकून न घेता त्यांच्या विरोधात जाणारा आदेश कोर्ट देत नाही आणि एवढ्या एका कारणावरून अर्ज अडकतो.

निलिमा२१

मनापासून आभार दोघांचे. अधीक्षक सर, तुम्ही पत्राचं विचारलंत म्हणून कपाटातली सगळी फाईल काढून बसले. एक पत्र आहे. त्यावर दिनांक १४ ऑक्टोबर २०२४ आहे, मजकूर एवढाच की "पदोन्नती नियमानुसार झालेली असून आपली विनंती मान्य करता येत नाही". हे मला आस्थापनेतून २० नोव्हेंबर २०२४ ला दिलं, मी सही करून घेतलं आणि सहीखाली तारीख टाकली होती. तेव्हा ते म्हणाले होते की हे तात्पुरतं उत्तर आहे, तुम्ही स्मरणपत्र द्या, वर परत विचार होईल. मग आता? म्हणजे माझं १ वर्ष संपलं का??

सेवाविषयक_वकील

निलिमाताई, शांतपणे वाचा, अजून संपलेलं नाही पण आता एक दिवसही घालवू नका.

"विनंती मान्य करता येत नाही" हा अंतिम आदेशच आहे, ते तोंडाने काहीही म्हणोत. "विचाराधीन आहे" असं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तो ६ महिन्यांच्या आत आला म्हणून वरचा ३ जानेवारी २०२६ चा हिशेब तुम्हाला लागू नाही, १ वर्षाचा लागतो. पत्रावरच्या दिनांकापासून मोजलं तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. पण जो आदेश तुम्हाला कळवलाच नव्हता त्याची मुदत तुमच्या विरुद्ध चालू झाली असं म्हणता येत नाही, या मुद्द्यावर तुम्ही २० नोव्हेंबर २०२४ पासून मोजू शकता, म्हणजे २० नोव्हेंबर २०२५ पर्यंत. तुमची तारखेसकट सही आहे हे फार मोठं काम झालंय. कार्यालयाच्या जावक नोंदवहीतल्या त्या पानाची प्रतही मागून ठेवा.

तर करायचं असं की २० तारखेच्या बऱ्याच आधी मूळ अर्ज दाखल करायचा, आणि त्याच्यासोबतच विलंब माफीचा अर्जही जोडायचा. कलम २१ पोटकलम ३ मध्ये पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. खात्याच्या वकिलाने पहिल्याच तारखेला "अर्ज मुदतबाह्य आहे" असं म्हटलं तर तुमची सोय आधीच असलेली बरी. विलंब माफीत मोघम लिहू नका. पत्र हातात कधी आलं, तान्हं बाळ, आजारपण असेल तर त्याचे कागद, कार्यालयाने काय आश्वासन दिलं, असं तारखेनुसार. फक्त स्मरणपत्रांच्या भरवशावर उशीर माफ होईल ही आशा ठेवू नका.

दिशा_नवी

मध्येच विचारते, सॉरी. मला ४० टक्क्यांच्या वर श्रवणदोष आहे आणि "फोन घेता येत नाही" म्हणून मला पदोन्नतीत मागे ठेवलंय. मलाही मॅटच का? आयोगाकडे जाता येत नाही का? आयोगाला पैसे पण लागत नाहीत म्हणतात.

जुना_अधीक्षक

दिशाताई, तुमच्याकडे एक जास्तीचा रस्ता आहे आणि तो जरूर वापरा. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २० मध्ये सरळ लिहिलंय की केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येणार नाही. कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला हवा, त्याने तक्रार नोंदवहीत घेऊन २ आठवड्यांत चौकशी करायची असते. तुमच्या कार्यालयात तो कोण आहे हे लेखी विचारा, बऱ्याच ठिकाणी ते नाव कोणालाच माहीत नसतं. त्याने समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे, आणि पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत.

पण आयोग असो की आयुक्त, तिथे अर्ज पडून आहे म्हणून मॅटची मुदत थांबलीय असं कधी समजू नका. अनुसूचित जाती जमातीच्या आयोगाबद्दल तर सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच सांगितलं होतं की त्याला मनाई हुकूम द्यायचा अधिकार नाही. आयोगाच्या पत्राने खातं हलतं हे मी पाहिलंय, चांगलंच हलतं कधीकधी, पण पदोन्नतीचा आदेश रद्द करायचा तर तो मॅटच करणार. दोन्ही रस्ते चालू ठेवा आणि मॅटची तारीख मात्र भिंतीवर लिहून ठेवा.

कमलाकर_के

केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी जोडतो. तुमचं कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण), कायदा आणि १ वर्षाची मुदत तीच. पण वार्षिक मूल्यांकन अहवालाची प्रत मिळाली आणि त्यात भेदभावाचा वास येत असेल तर त्यावर म्हणणं द्यायला फक्त १५ दिवस असतात, पदोन्नतीची पुढची भांडणं अनेकदा तिथेच हरली जातात. शिक्षेच्या आदेशावरचं अपील ४५ दिवसांत. आणि जिल्हा परिषदेवाले असाल तर तुमचं मॅटकडे येत नाही, हायकोर्टात जावं लागतं, एका ओळखीच्या शिक्षकांचे कितीतरी महिने चुकीच्या दारात गेले.

निलिमा२१

आज एका वकिलांशी बोलले, ते तयार आहेत. पदोन्नती समितीचं इतिवृत्त माझ्याकडे नाही, त्यात मला वगळायचं काय कारण लिहिलंय तेच माहीत नाही. माहिती अधिकारात मागितलं तर ३० दिवस लागतील ना? मग २० तारीख कशी गाठणार?

सेवाविषयक_वकील

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका पण उत्तरासाठी थांबू नका. पदोन्नतीचा आदेश, ज्येष्ठता यादी, रजा मंजुरीचा आदेश, निवेदन पोचेसकट आणि ते १४ ऑक्टोबरचं पत्र, एवढ्यावर अर्ज दाखल होतो. इतिवृत्त नंतर आलं की अतिरिक्त प्रतिज्ञापत्राने जोडता येतं, नाहीतर समितीचं मूळ रेकॉर्ड हजर करायला सांगावं अशी विनंती अर्जातच करून ठेवा, न्यायाधिकरण मागवतं. १४ ऑक्टोबरच्या पत्राला मात्र अर्जात स्वतंत्रपणे आव्हान द्या, नुसत्या पदोन्नतीच्या आदेशाला देऊन थांबू नका. वकिलांना फाईल देताना हे पत्र सगळ्यात वर ठेवा.