पहिल्या नोकरीसाठी जुनी गाडी: चार लाखांत काय घ्यावं आणि काय तपासावं?

निगडीकर

नमस्कार मंडळी. भाची (वय २३) चाकण एमआयडीसीत नोकरीला लागली आहे, राहायला निगडी प्राधिकरणात. जाऊन-येऊन रोज ४० ते ४५ किमी, त्यात तळवड्याच्या पुढे कंटेनरची गर्दी. महिन्यातून एकदा-दोनदा साताऱ्याला आई-वडिलांकडे, म्हणजे खंबाटकी घाट आलाच. लायसन्स आहे, पण हात अजून बसलेला नाही. बजेट सगळं मिळून चार लाख. कर्ज काढायचं नाही.

आतापर्यंत समोर आलेल्या गाड्या: २०१५ ची होंडा सिटी पेट्रोल, २०१६ ची स्विफ्ट डिझेल (रनिंग ९८ हजार), २०१९ ची वॅगनआर १.० आणि २०१९ ची टियागो. किमतींत फार फरक नाही. जुनी पण मोठी घ्यावी, की अलीकडची पण लहान? सीएनजी परवडेल का? आणि गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

घाटवाट

सिटी आणि स्विफ्ट डिझेल यादीतून काढा. सिटी गाडी चांगलीच आहे, पण दहा वर्षांनी गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. टायर, सस्पेन्शन, हेडलाइट, सगळा खर्च वरच्या वर्गातला होतो. स्विफ्ट डिझेलचं ॲव्हरेज उत्तम, पण महिन्याला हजार किमी चालवणाऱ्याला टर्बो किंवा इंजेक्टरचं एक काम निघालं की वर्षभराची बचत त्यातच जाते.

मॉडेलच्या आधी तारीख ठरवा. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालं. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाडीत चालकाची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, सीटबेल्टचा बझर आणि ८० च्या पुढे वाजणारी वेगाची सूचना अगदी बेस मॉडेललासुद्धा द्यावी लागली. म्हणून नुसतं '२०१९ मॉडेल' ऐकून समाधान मानू नका. आरसीवर उत्पादनाचा महिना असतो, तो जुलै किंवा नंतरचा हवा. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांत सक्तीची व्हायला मात्र २०२१ संपावं लागलं. त्यामुळे २०१९ च्या वॅगनआरमध्ये व्हीएक्सआय (ओ) किंवा झेडएक्सआय शोधा, साध्या एलएक्सआयमध्ये एकच एअरबॅग असते.

वॅगनआर की टियागो? वॅगनआरमध्ये उंच बसायला मिळतं, चारी बाजूंचं नीट दिसतं, गाडी छोट्या जागेत वळते आणि तिचं काम कुठल्याही तालुक्याच्या गावी होतं. नव्या हाताला हे फार मोलाचं आहे. पण ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत २०१९ मध्ये तिला दोन तारे मिळाले, टियागोला जानेवारी २०२० मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार. टियागोचं इंजिन ११९९ सीसी आहे, वॅगनआर १.० चं ९९८. चौघं बसून एसी लावून खंबाटकी चढताना हा फरक लगेच कळतो. रोज कंटेनरच्या शेजारून जाणाऱ्या मुलीसाठी माझं मत टियागोला. तीन सिलिंडरची थोडी थरथर जागेवर उभं असताना जाणवेल, ती दोन्हींतही आहे.

फोर्ड, डॅटसन, शेवरोले अशा इथली विक्री बंद केलेल्या कंपन्यांच्या गाड्या दाखवतील आणि स्वस्तात देतील. इंजिनाचे भाग अजून मिळतात, पण बंपर, दिवे, काचा यांसाठी थांबावं लागतं. पुढे विकतानाही अडतं. पहिल्या गाडीला ही कटकट नको.

किमतीचं एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाडीची आजची ऑनरोड किंमत आधी शोरूममधून लेखी घ्या आणि मगच जुनीची बोलणी करा. बरेच विक्रेते अजूनही जुन्या किमतीवरून घसारा मोजतात.

पाना_दहाबारा

वरच्या निवडीशी सहमत आहे, पण दोन्हींपैकी जिचा इतिहास स्वच्छ तीच घ्या. वाईट टियागोपेक्षा चांगली सॅन्ट्रो बरी.

सकाळी जा आणि 'गाडी आधी चालू करू नका' असं फोनवरच सांगा. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर परत या किंवा दोन-तीन तास थांबा, कारण गार इंजिन खोटं बोलत नाही. पहिल्या स्टार्टला मागे एकाने उभं राहावं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेल्याचा संशय घ्या. थंडीत किंवा पावसात सुरुवातीला थोडी वाफ येते, ती वेगळी. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साका दिसला तर डिपस्टिकही बघा. फक्त झाकणाला असेल तर जवळच्या फेऱ्यांमुळे साचलेलं पाणी असू शकतं, डिपस्टिकवरही असेल तर गाडी सोडा. कूलंटच्या टाकीत गंजाळ पाणी म्हणजे कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलेलं आहे, रेडिएटर आणि वॉटरपंपाचं आयुष्य त्यात गेलं. कूलंटचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं.

क्लच: चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर गेला आणि वेग तिथेच राहिला तर क्लचप्लेट संपली आहे. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग गेलं आहे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा सेट एकत्रच बदलायचा, नाहीतर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा लागते. एएमटी (क्लच पेडल नसलेला ऑटो गिअर) असेल तर चढावर थांबून, ब्रेक सोडून हळूहळू पुढे घ्या. हिसके देत सरकत असेल तर क्लच आणि ॲक्च्युएटर (क्लच आपोआप दाबणारा भाग) दोन्हींचा खर्च डोक्यात धरा.

रनिंगवर विश्वास ठेवायचा नसतो, ते पडताळायचं असतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नंबरवर सर्व्हिस हिस्टरी काढायला विक्रेत्याला सांगा आणि प्रत्येक भेटीचा आकडा चढता आहे का बघा. शेवटच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदीच नसतील तर मीटर त्याच काळात फिरवलेलं असू शकतं. ४० हजार रनिंगच्या गाडीचं पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकचकीत होत नाही. टायरवर चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच टायर पाच तारखांचे असतील तर कारण विचारा. आणि टायर सहा वर्षांचे असतील तर खाच कितीही खोल असो, चार टायरांचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

अपघात: दारांची रबर बीडिंग ओढून आतले स्पॉट वेल्ड बघा. कंपनीचे वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर असतात. गॅरेजमध्ये ओढून बसवलेल्या पिलरला (दारांमधला, छत पेलणारा खांब) लांबट रेघा किंवा सीलंटचा थर दिसतो. फेंडर आणि बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर तो भाग उघडला गेला आहे. नुसता बंपर किंवा फेंडर बदललेला असला तर घाबरायचं कारण नाही, ट्रॅफिकमध्ये एवढं होतंच. ॲप्रन (बॉनेटखालचा चाकाजवळचा पत्रा), पिलर किंवा चासीच्या पायांना (सांगाड्याच्या पुढच्या तुळया) काम झालेलं असेल तर मात्र किंमत कितीही कमी केली तरी घेऊ नका. धडकेचा जोर पेलणारा भाग तोच असतो.

पुरातली गाडी आपल्याकडे हमखास फिरते. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण, २०२४ ला सिंहगड रोड. धुऊन अत्तर मारून आणलेली गाडी वरून कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, गाळाची रेघ तिथे राहते. सीटखालच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीची खोली, डॅशबोर्डच्या खालचे वायरिंगचे सॉकेट (हिरवट बुरशी आहे का) बघा. पाणी गेलेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, पण वायरिंग दोन-दोन वर्षांनी त्रास देतं आणि मेकॅनिकलाही दोष सापडत नाही.

शेवटी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावून घ्या. 'एरर नाही' एवढ्यावर थांबू नका. 'कोड पुसल्यानंतरचं अंतर' हा आकडा दाखवायला सांगा. ते १५-२० किमी असेल तर चेक इंजिनचा दिवा कालच विझवलेला आहे.

निगडीकर

फार उपयोगी, धन्यवाद. एका टियागोच्या डीलरने सांगितलं की कागदपत्रं ते बघतील, फक्त कोऱ्या फॉर्मवर सह्या द्या आणि ५० हजार टोकन द्या. आणि एक वॅगनआर बाहेरून सीएनजी किट बसवलेली आहे. दोन्हींचं काय करू?

कागद_आधी

कोऱ्या फॉर्मवर सही नाही. टोकन द्यायचंच तर पाच हजार द्या, तेही बँकेतून, आणि पावतीवर 'तपासणीत किंवा कागदपत्रांत दोष निघाल्यास पूर्ण परत' असं लिहून घ्या.

आधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून कितवा मालक, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा बघा. बोजा दिसत असेल तर 'कर्ज फिटलंय' हे तोंडी चालत नाही. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागतो. ई-चलान वेगळं तपासा आणि थकलेली रक्कम विक्रेत्याकडून आधी भरून घ्या. नोंदणी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसली आहे का तेही बघा.

हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विक्रेत्याच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी येतो, त्यामुळे तो नंबर चालू आहे का हे पैसे देण्याआधी विचारा. बंद असेल तर काम तिथेच अडतं. दिल्लीहून आलेली स्वस्त गाडी असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नव्या नंबरचा खर्च धरा. तो धरल्यावर ती स्वस्त राहत नाही.

विम्यात लोक फसतात ते इथे: विमा १४ दिवसांत नव्या नावावर करायचा असतो, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, तो तुमच्याकडे येत नाही. म्हणजे त्याच्या पॉलिसीवर ५० टक्के सूट असेल तर ती सोडून हिशेब करा. थर्ड पार्टीचा हप्ता जून २०२२ च्या दराप्रमाणे १००० सीसीपर्यंत २,०९४ आणि १५०० पर्यंत ३,४१६ रुपये, वर जीएसटी. वॅगनआर १.० पहिल्यात बसते, टियागो दुसऱ्यात.

ताबा घेताना डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ लिहा, दोघांच्या सह्या घ्या. विक्रेत्याचा फास्टॅग त्याच दिवशी बंद करायला सांगा आणि भाचीच्या नावाचा नवा घ्या.

हिशेबी

सीएनजीचा आकडा मांडतो. महिन्याला १००० किमी धरा. पेट्रोल १७ चं ॲव्हरेज आणि लिटर १०४ रुपये धरलं तर सुमारे ६,१०० रुपये. सीएनजी २५ किमी प्रतिकिलो आणि ९२ रुपये दराने सुमारे ३,७००. बचत महिन्याला २,४००. कंपनीच्या सीएनजी गाडीसाठी ८० हजार जास्त मोजले तर वसूल व्हायला ३३ महिने लागतात. रनिंग ५०० किमीवर आलं तर साडेपाच वर्षं. शिवाय डिकी जाते, घाटात ओढ कमी होते आणि पंपावर रांग लागते. चार लाखांच्या मर्यादेत ते ८० हजार जास्त दिलेत तर गाडी दोन-तीन वर्षं जुनी घ्यावी लागेल आणि जुलै २०१९ ची अट मोडेल. पेट्रोलच घ्या.

बाहेरून बसवलेल्या किटची नोंद आरसीवर 'पेट्रोल/सीएनजी' अशी आहे का? नसेल तर ते बेकायदा आहे आणि अपघातात विमा कंपनी दावा नाकारू शकते. सिलिंडरच्या प्लेटवर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेली मजबुतीची चाचणी) तारीख असते, दर तीन वर्षांनी ती करावी लागते. ती उलटून गेली असेल तर त्या गाडीचा विषय सोडा.

गाडी साडेतीन लाखांच्या आत बसवा. उरलेल्या पन्नासातून पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या, मग मागचा मालक काहीही सांगो. बॅटरीची तारीखही बघा, चार वर्षांची असेल तर पावसाळ्याआधी बदला.