मदत हवी आहे: गाडीतला कुबट वास जाता जात नाही

पंधरा दिवसांपूर्वी रात्रभर पावसात गाडीची मागची काच दोन बोटं उघडी राहिली. सीट वाळली, पण दार उघडलं की ओल्या गोणपाटासारखा वास येतो आणि सकाळी काचांना आतून घाम सुटलेला असतो.

मॅट उन्हात वाळवल्या. कार्पेटवर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवला आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घेतला. वास दोन दिवस गेला, परत आला. जुन्या मोज्यात कोळसा भरून सीटखाली ठेवलाय. वाटीत मीठ ठेवलं तर त्यालाच पाणी सुटलं आणि वळणावर सांडलं, तो उद्योग कुणी करू नका. एसीचा फिल्टर नवा आहे, हवा बाहेरूनच घेतो.

काल मागच्या सीटपुढचं कार्पेट अंगठ्याने दाबलं. वरून कोरडं, पण खालच्या फोममधून पाणी वर आलं! म्हणजे सोडा, कोळसा सगळं वरवरचंच.

गाडी उघड्यावर उभी असते. घरात लहान मूल आहे, म्हणून उग्र फवारे नकोत. टेबलफॅन आणि जुने टॉवेल आहेत. तेवढ्यावर, सीट न काढता, हा फोम आतपर्यंत सुकेल का? की कार्पेट उचलावंच लागेल?