टेनिसची महिला दुहेरी: आधी सर्व्हिस कोणाची, कोण कुठल्या बाजूला, आणि ४०-४० ला काय?

सीताबर्डी_बेसलाइन
नमस्कार मंडळी. रामनगरला सराव करणाऱ्या दोन मुलींसाठी विचारतोय. एक १७ची, दुसरी १९ची. दोघींनी पहिल्यांदाच आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) डब्ल्यू१५ला, म्हणजे व्यावसायिक महिला स्पर्धांच्या सगळ्यात खालच्या पायरीला, महिला दुहेरीत नाव द्यायचं ठरवलंय. एकेरी चांगली खेळतात, पण दुहेरी आजवर क्लबातलीच. १९ची डावखुरी आहे. अडतंय ते तीन ठिकाणी: आधी सर्व्हिस कोणी करायची, रिटर्नला कोणी कुठं उभं राहायचं, आणि ४०-४० ला नेमकं काय होतं. क्लबात सगळे सांगतात, "जी भारी, तिला डावीकडे ठेवा." हे आजही लागू आहे का?

नो_अ‍ॅड_भाऊ
दादा, क्लबातला तो सल्ला जुन्या स्कोअरिंगचा आहे. तेव्हा ड्यूसनंतरचा, म्हणजे ४०-४० नंतरचा, प्रत्येक अ‍ॅडव्हांटेज पॉइंट डावीकडे, म्हणजे अ‍ॅड कोर्टात पडायचा, म्हणून खमकी खेळाडू तिकडे. आयटीएफच्या या दुहेरीत अ‍ॅडव्हांटेजच नाही. ४०-४० झालं की एकच पॉइंट आणि गेम संपला. तो पॉइंट कुठल्या बाजूला घ्यायचा हे रिटर्न करणारी जोडी ठरवते.

आता ब्रेक पॉइंट, म्हणजे समोरच्यांच्या सर्व्हिसवर गेम जिंकायची संधी, मोजा. ०-४० आणि ३०-४० डावीकडे पडतात, १५-४० उजवीकडे, आणि ४०-४० तुमच्या मर्जीनं. मग डावीकडचं वजन उरलं किती? सानिया मिर्झाचंच बघा. तिचा फोरहँड म्हणजे तोफ, तरी ती उजवीकडे खेळायची आणि तिची जोडीदार मार्टिना हिंगिस डावीकडे. २०१५चं विम्बल्डन, त्याच वर्षीचं यूएस ओपन आणि २०१६चं ऑस्ट्रेलियन ओपन त्यांनी असंच जिंकलं. (ग्रँड स्लॅमच्या महिला दुहेरीत मात्र अ‍ॅडव्हांटेजही असतो आणि तिसरा सेटही पूर्ण असतो, इथल्यासारखा त्याऐवजी १० पॉइंटांचा सुपर टायब्रेक नसतो. तिथली मॅच बघून इथला हिशेब करू नका.)

तुमच्या जोडीत डावखुरीला डावीकडे ठेवलं तर दोघींचे फोरहँड बाहेरच्या बाजूला येतात, रुंद सर्व्हिसला उत्तर सोपं. पण मधे दोन बॅकहँड, आणि समोरची जोडी तिथंच, टीवर (सर्व्हिस बॉक्सच्या मधल्या रेषेच्या टोकाला), मारत राहणार. उलट उभ्या राहिल्या तर मधला भाग बंद, बाजू उघड्या. दोन्ही प्रकारांनी चार-चार सेट खेळवून रिटर्न किती आत पडतात ते वहीत लिहा, मग ठरवा.

एक गफलत हमखास होते. डिसायडिंग पॉइंटला बाजू निवडता येते, पण आपसात जागा बदलता येत नाहीत. उजवीकडची रिटर्न करणार असेल तर पॉइंट उजवीकडेच. हे ३०-४० किंवा ४०-३० लाच ठरलेलं असावं. ४०-४० झाल्यावर कुजबुज करत बसलं की समोरच्यांना कळतं, यांचं काही ठरलेलं नाही.

उत्तर_दक्षिण
सर्व्हिसच्या क्रमाबद्दल लिहितो, कारण याकडे कोणी बघतच नाही. दुहेरीत प्रत्येक खेळाडू टायब्रेकपर्यंत (६-६ ला होतो तो) अख्खा सेट एकाच टोकाकडून सर्व्हिस करते. पटत नसेल तर कागदावर मांडा. पहिला गेम तुमची 'अ' उत्तरेकडून करते. बाजू बदलते. दुसरा गेम समोरच्यांचा. तिसऱ्यात तुमची 'ब' दक्षिणेकडून करते. पुन्हा बाजू बदलते, चौथा त्यांचा, आणि पाचव्याला 'अ' परत उत्तरेलाच.

आपल्याकडची कोर्टं बहुधा उत्तर-दक्षिण. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी तीनला सूर्य नैर्ऋत्येला. उत्तरेच्या टोकाकडून दक्षिणेला तोंड करून उजव्या हाताची मुलगी बॉल उडवते तेव्हा ऊन थेट डोळ्यात जातं आणि डबल फॉल्ट सुरू होतात. डावखुरीचं अंग पूर्वेकडे वळलेलं असतं, तिला तो त्रास कमी. म्हणून दुपारच्या मॅचला उत्तरेचं टोक डावखुरीला द्या. सकाळी नऊच्या मॅचला हेच उलटं करा.

पहिल्या गेमला रिटर्न करत असाल तर ध्यानात ठेवा, तुमची पहिली सर्व्हिस बाजू बदलल्यावर येते. प्रत्येक सेटच्या सुरुवातीला क्रमही बदलता येतो आणि रिटर्नच्या बाजूही, पण हिशेब नव्यानं मांडावा लागतो. ६-३ ला सेट संपला तर लगेच बाजू बदलते, ६-४ ला संपला तर पुढच्या सेटच्या पहिल्या गेमनंतर.

नेटवाली_ताई
या दोघी भाऊंनी सांगितलेल्या जागी उभ्या राहतील, पण नेटवरची नुसती खांब बनली तर उपयोग नाही. एकेरी खेळणाऱ्या मुली नेटवर बाहेरच्या पट्टीला चिकटतात. ती पट्टी १.३७ मीटरचीच आहे, तिची राखण करत बसायचं नसतं. नेटपासून दोन-अडीच मीटरवर, सर्व्हिस बॉक्सच्या साधारण मधोमध उभं राहा.

आय फॉर्मेशन शिकवणार असाल तर: नेटवरची मधल्या रेषेवर अगदी खाली वाकते, पाठीमागे हातानं खूण करते. मूठ म्हणजे जागेवर, उघडा पंजा म्हणजे सरकणार, काय ते तुमचं तुम्ही ठरवा. सर्व्हिस करणारी मधल्या खुणेजवळून टीवरच मारते. रुंद मारली तर समोरचीला कोन मिळतो आणि सगळा डाव फसतो. वाकलेली मुलगी लवकर उठली आणि बॉल तिला लागला तर तो फॉल्ट धरतात. आणि सरकायचं ते समोरची रॅकेट पुढे आणते त्या क्षणी. आधी सरकलात तर ती सरळ रेषेत मारून मोकळी होते.

सीताबर्डी_बेसलाइन
बाप्पा, टोकाचा हिशेब डोक्यातच नव्हता! आज कागदावर मांडून बघितला, बरोबर येतो. आणखी एक: सुपर टायब्रेकला सर्व्हिस कोणाची? दुसरा सेट ७-६ झाला की पोरी गोंधळतात.

नो_अ‍ॅड_भाऊ
दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये जिनं पहिली सर्व्हिस केली, ती जोडी सुपर टायब्रेकला आधी रिटर्न करते. सेट ६-४ वगैरे संपला असेल तर नेहमीचा क्रम पुढे चालू. जोडीतली कोणती मुलगी आधी हे मात्र नव्यानं निवडता येतं, नव्या सेटसारखंच. म्हणून १२० सेकंदांच्या ब्रेकमध्ये पाणी पिण्याआधी ते ठरवा. १० पॉइंट, २ चा फरक. पहिलीचा एक पॉइंट, मग आळीपाळीनं दोन-दोन. दर ६ पॉइंटांनी बाजू बदलते, तिथं बसायला मिळत नाही. बॉल बदलायची वेळ झाली असली तरी सुपर टायब्रेकच्या आधी बदलत नाहीत. उन्हात घासून केसाळ झालेला बॉल हवेत जड पडतो, लॉब (समोरचीच्या डोक्यावरून उंच मारलेले बॉल) आखूड राहतात. सरावाचा सुपर टायब्रेक नव्या डब्यानं खेळवू नका, दोन सेट झालेले बॉलच वापरा.

उत्तर_दक्षिण
आणि आयपिन (आयटीएफचा खेळाडू नोंदणी क्रमांक) दोघींचा लागतो बरं का, एकीचा असून भागत नाही.